हिंडलग्याहून ‘नामंजूर’चं पत्र आलं, आता पुढं काय?

खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: थोरला भाऊ खुनाच्या गुन्ह्यात हिंडलगा जेलमध्ये जन्मठेप भोगतोय. शिक्षा बेळगावच्या सेशन्स कोर्टानं दिली, हायकोर्टातलं अपील फेटाळलं गेलं. आत पंधरा वर्षं होऊन गेली. सन्नडतेवर, म्हणजे चांगल्या वागणुकीवर, सुटका व्हावी म्हणून सरकारकडं अर्ज केला होता, तो नामंजूर झाला. पत्र कन्नडमध्ये आहे. गावातल्या मास्तरांनी वाचून सांगितलं, ‘गुन्हा गंभीर आहे आणि पोलिसांचा अहवाल प्रतिकूल आहे’, बस्स एवढंच. याच्यावर अपील कुठं करायचं, किती दिवसांत, आणि खर्च किती?

ताई, आधी ‘अपील’ या शब्दाचा गुंता सोडवू. निम्मी धावपळ या एका शब्दापायी वाया जाते. तुमच्या भावाचं अपील होऊन गेलंय. ते कोर्टाच्या निकालाविरुद्ध होतं: गुन्हा केला का, शिक्षा बरोबर का. आता नामंजूर झालाय तो सरकारकडं केलेला माफीचा अर्ज. त्यात कोर्टाचा निकाल आहे तसाच राहतो; उरलेली शिक्षा भोगायला लावायची की सोडायचं, हे सरकार ठरवतं. सरकारच्या या ‘नाही’वर अपील करायची तरतूद कायद्यात नाही. तिथं चालते ती हायकोर्टातली रिट याचिका, घटनेच्या कलम २२६ खाली. बेळगाव जिल्ह्यासाठी ती धारवाड खंडपीठात दाखल होते. २००८ च्या जुलैमध्ये तिथं फिरतं खंडपीठ सुरू झालं आणि २०१३ च्या ऑगस्टमध्ये ते कायम झालं. त्याआधी आम्हाला अशा प्रत्येक कामाला रात्रीची गाडी धरून बंगळूर गाठावं लागायचं. आता सकाळी चहा पिऊन निघालं तरी तारखेला पोचता येतं.

रिटला ६० किंवा ९० दिवसांची ठरीव मुदत नाही. पण म्हणून पत्र फडताळात ठेवून गणपती झाल्यावर बघू म्हणायचं नाही. उशीर झाला तर पहिल्याच तारखेला न्यायमूर्ती विचारतात, इतके दिवस काय करत होता? भावाला आदेश कोणत्या तारखेला दाखवला, त्याची सही कधी घेतली, ती तारीख आधी टिपून घ्या.

दुसरी गोष्ट कडू आहे, पण ती आधीच सांगितलेली बरी. चौदा वर्षं झाली की जन्मठेपेचा कैदी सुटतोच, ही आपल्याकडची समजूत खोटी आहे. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. १९६१ मध्येच गोपाळ गोडसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं हे सांगून टाकलंय. चौदा वर्षांचा आकडा येतो तो वेगळ्या कलमातून: ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप झाली असेल, तर चौदा वर्षं प्रत्यक्ष भोगल्याशिवाय सरकारला सोडता येत नाही. जुन्या सीआरपीसीत, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेत, हे कलम ४३३-अ होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेत ते ४७५ आहे. म्हणजे चौदा वर्षं हा नुसता उंबरा. तो ओलांडला की भावाला सुटकेचा हक्क मिळत नाही, पण त्याच्या अर्जाचा नीट, कारणांसकट, नियमाप्रमाणे विचार व्हावा हा हक्क मिळतो. आपली सगळी लढाई या ‘नीट’ शब्दावर आहे.

म्हणून याचिकेत काय लिहायचं नाही, ते आधी सांगतो. वकिलीच्या सुरुवातीच्या काळात मी एका पक्षकाराची अशीच याचिका लिहिली. पहिली सहा पानं साक्षीदार कसे खोटे बोलले यावर, पुढची चार तो किती गरीब स्वभावाचा आहे यावर. न्यायमूर्तींनी पानं उलटली आणि विचारलं, ‘तुम्ही फेटाळलेलं अपील परत चालवताय का?’ मला उत्तर सुचलं नाही. माणूस चांगला आहे की वाईट, हे हायकोर्ट इथं ठरवत नाही. सरकारनं निर्णय घेताना काय बघायला हवं होतं, काय बघितलं आणि काय बघितलंच नाही, एवढंच कोर्ट तपासतं. तेव्हा याचिका भावाबद्दल कमी आणि त्या नामंजुरीच्या कागदाबद्दल जास्त असली पाहिजे.

आणि त्यासाठी कागद हातात हवेत. तुमच्याकडं आहे ते एका पानाचं कळवल्याचं पत्र. खरा आदेश, माफीचे अर्ज तपासणाऱ्या समितीच्या बैठकीचं इतिवृत्त, ज्या कोर्टानं शिक्षा दिली तिथल्या न्यायाधीशांचं मत, पोलीस अहवाल, प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल आणि जेलचा नॉमिनल रोल (कैद्यानं किती शिक्षा भोगली याचा जेलमधला तक्ता) हे सगळं फायलीत असतं, तुमच्यापर्यंत येत नाही. १८ फेब्रुवारी २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं या बाबतीत स्पष्ट निर्देश दिलेत. माफी द्या किंवा नाकारा, आदेशात थोडक्यात का होईना कारणं हवीत. तो आदेश जेलमार्फत कैद्याला लगेच कळवायचा. एक प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडं पाठवायची. आणि या नकाराला आव्हान देता येतं, हे कैद्याला सांगणं जेलचं कर्तव्य आहे. तुमच्या भावाला हे कुणी सांगितलं का, पुढच्या मुलाखतीला विचारा. उत्तर ‘नाही’ असेल तर तो मुद्दाही याचिकेत जातो.

जेलकडं साधा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दिलं नाही तर माहितीचा अधिकार आहेच. कर्नाटकात या अर्जाला एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळं रामायण लिहू नका. कागदांची नावं लिहा आणि थांबा. उत्तराची मुदत ३० दिवस. तीस दिवसांनी आपलं फार बिघडत नाही, पण ते वाया घालवायचे नाहीत, तेवढ्यात बाकीचं काम करून घ्यायचं.

बाकीचं काम म्हणजे पहिल्यांदा शिक्षेच्या आदेशाची शेवटची ओळ वाचणं. हसू नका, हे न वाचता लोक वर्षानुवर्षं अर्ज करत राहतात. हायकोर्ट किंवा सर्वोच्च न्यायालय कधीकधी ‘अमुक वर्षं कोणतीही माफी न देता’ अशी जन्मठेप सुनावतं. ही वाट २००८ मध्ये स्वामी श्रद्धानंद या बंगळूरच्याच खटल्यात रुळली आणि पुढं सर्वोच्च न्यायालयाच्याच श्रीहरन निकालानं ती पक्की झाली. तसं असेल तर ती वर्षं संपेपर्यंत सरकारकडं केलेला अर्ज व्यर्थ. मात्र अशी अट घालायचा अधिकार सेशन्स कोर्टाला नाही. तिथं घातलेली दिसली तर मला लगेच सांगा. गांजा-अफूच्या कायद्याखालची शिक्षा असेल तर तिथं त्या कायद्याचं कलम ३२-अ माफीच्या आडवं येतं. तुमच्या भावाच्या बाबतीत हे दोन्ही नसावं असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं, तरी खात्री करा.

मग वर्षांचा हिशेब. कच्चा कैदी म्हणून आत काढलेले दिवस धरले जातात. जेलमध्ये मिळालेली सूट या चौदांत धरली जात नाही. आणि पॅरोलवर बाहेर काढलेले दिवस वजा होतात; गोव्यातल्या एका कैद्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये हे ठरवलं. कोविडच्या वेळी बरेच जण लांब सुट्टीवर घरी होते, त्यांच्या घरच्यांचा हिशेब इथंच चुकतो. नॉमिनल रोलवरचे आकडे स्वतः वहीत मांडून बघा. जेलच्या कारकुनाचीही बेरीज चुकू शकते, मी बघितलीय.

आता त्या दोन कारणांकडं येऊ. ‘गुन्हा गंभीर आहे.’ अहो, गंभीर होता म्हणून तर जन्मठेप झाली! नुसतं हेच कारण पुरेसं मानलं तर खुनाच्या गुन्ह्यातला एकही माणूस कधी सुटायचा नाही. लक्ष्मण नासकर प्रकरणात २००० साली सर्वोच्च न्यायालयानं काय काय बघायचं ते सांगून ठेवलंय: गुन्हा समाजाला हादरवणारा होता की त्या दोन घरांपुरता, तो परत घडण्याची शक्यता किती, कैद्याच्या अंगात पुन्हा गुन्हा करायची धमक राहिलीय का, आणखी आत ठेवून काही साधणार आहे का, आणि घरची परिस्थिती काय. नामंजुरीच्या आदेशात यातल्या किती गोष्टींचा उल्लेख आहे ते मोजा. बहुतेक वेळा पहिल्या गोष्टीवर अर्धी ओळ असते आणि बाकी चार गायब. याचिकेचा कणा तोच.

शिक्षा देणाऱ्या कोर्टाचं मत हा दुसरा कच्चा दुवा. आधीचे न्यायाधीश केव्हाच बदलून गेलेले असतात. आता त्या खुर्चीवर असलेले जुनी फाईल मागवून मत देतात आणि ते कित्येकदा दोन ओळींचं असतं. राम चंदर विरुद्ध छत्तीसगड या २०२२ च्या निकालानुसार हे चालत नाही. मत कारणांसकट हवं, नासकरमधल्या गोष्टींवर हवं, आणि तसं नसेल तर सरकारनं ते परत विचारायला हवं. पुढच्याच वर्षी राजो या बिहारच्या कैद्याच्या निकालात कोर्टानं आणखी बजावलं की न्यायाधीशांचं मत आणि पोलीस अहवाल यांवर डोळे मिटून शिक्का मारायचा नाही. कैदी आत असताना कसा बदलला, हेही बघायचं.

तिसरं म्हणजे धोरण कोणतं लावलं. दोषी ठरवलं त्या दिवशी जे धोरण लागू होतं ते बघायचं, आणि नंतरचं जास्त सोयीचं असेल तर त्याचा फायदा द्यायचा. हरियाणा विरुद्ध जगदीश, सर्वोच्च न्यायालय, २०१०. नवीन कडक नियम जुन्या कैद्याला लावून नाकारलं असेल तर अर्धी याचिका तिथंच जिंकली.

पोलीस अहवालाबद्दल मात्र जरा थांबून सांगतो, कारण आपल्या भागातले बहुतेक अर्ज त्याच्यावरच आपटतात. हा अहवाल कसा तयार होतो? वरून कागद येतो, खानापूर किंवा निपाणीसारख्या ठिकाणी तो एसपी ऑफिसमधून ठाण्यात जातो, बेळगाव शहरात असाल तर आयुक्तालयातून. ठाण्यातला हवालदार गावात येतो, चावडीपाशी दोघातिघांना विचारतो, कधीकधी येतही नाही. मग ठरलेलं वाक्य: ‘सुटल्यास मयताच्या नातेवाइकांच्या जीवाला धोका असून गावात शांतता भंग होण्याची शक्यता आहे.’ माझ्या एका पक्षकाराच्या अहवालात हेच वाक्य होतं. चौकशी केली तर मयताची बायको-मुलं दहा वर्षांपूर्वीच गाव सोडून गोव्यात स्थायिक झालेली, घराला कुलूप, अंगणात रान माजलेलं. आम्ही ग्रामपंचायतीचा दाखला आणि शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं जोडली. सरकारी वकिलांकडं त्यावर बोलायला काही उरलं नाही.

तेव्हा ताई, गावात जा. मयताच्या घरच्यांशी आज संबंध कसे आहेत? पॅरोलवर भाऊ किती वेळा गावी आला, तेव्हा काही कटकट झाली का, वेळेत परत हजर झाला का? पॅरोलवर येऊन शांतपणे परत गेलेला माणूस कायमचा सुटला तर गाव पेटेल, हे म्हणणं कोर्टाला सहजासहजी पटत नाही. या तारखांचा तक्ता याचिकेला जोडायचा. मयताच्या घरच्यांची हरकत नसेल आणि ते खरंच मनापासून लिहून द्यायला तयार असतील तर घ्या. पण त्यांच्यावर दबाव टाकायला पाहुणेमंडळी पाठवू नका. एक फोन ठाण्यात गेला की प्रतिकूल अहवाल खरा ठरतो.

सीमाभागातल्या वाचकांसाठी एक बाजूची गोष्ट, तुमच्या भावाला लागू नसली तरी. आपली माणसं कामाला कोल्हापूर-इचलकरंजीला जातात, गोव्याला जातात, आणि गुन्हाही कधी तिकडं घडतो. मग घर कर्नाटकात म्हणून अर्ज बंगळूरला धाडतात. ते चूक. शिक्षा ज्या राज्यातल्या कोर्टानं सुनावली, त्याच राज्याच्या सरकारला माफीचा अधिकार. ८ जानेवारी २०२४ च्या बिल्किस बानो निकालात हेच ठरलं: गुन्हा गुजरातमधला, पण खटला मुंबईत चालला, म्हणून गुजरात सरकारनं दिलेली माफी रद्द झाली. निपाणीच्या माणसाला कोल्हापुरात शिक्षा झाली असेल तर अर्ज महाराष्ट्र सरकारकडं, आणि त्यांनी नाकारला तर रिट मुंबई हायकोर्टात. त्यासाठीही आता मुंबई गाठायला नको, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरलाच सर्किट बेंच बसतं. यात अडचण एकच. अहवाल मात्र कर्नाटकातल्या ठाण्याकडून मागवला जातो. महाराष्ट्राचा मराठी कागद इथल्या कन्नड कचेरीत येतो, कुणीतरी वाचेपर्यंत पडून राहतो, आणि फाईल ‘अहवाल अप्राप्त’ म्हणून लटकते. सीमावादाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो संपेल तेव्हा संपेल. या कागदाचा पाठपुरावा मात्र तुम्हालाच दोन्हीकडं हेलपाटे घालून करावा लागतो.

भाषेचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. घटनेच्या कलम ३५० प्रमाणं गाऱ्हाण्याचा अर्ज देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतो, म्हणजे मराठीतही. हक्क आहे, तो सोडा असं मी म्हणणार नाही. पण भाऊ आत आहे आणि घाई आपल्याला आहे. मी नेहमी मराठी अर्जाला कन्नड भाषांतर जोडून देतो. फाईल टेबलावरून लवकर हलते. हायकोर्टाचं काम इंग्रजीत चालतं, त्यामुळं मूळ कन्नड आदेशाचं भाषांतर लागेलच. ते मास्तरांकडून नको, नीट करून घ्या. ‘प्रतिकूल’ आणि ‘शिफारस नाही’ यांत फरक असतो, आणि तो फरक कधीकधी फार महागात पडतो.

आता याचिका जिंकली तर काय होतं? भाऊ दुसऱ्या दिवशी दारात येत नाही. कोर्ट साधारणपणे नामंजुरीचा आदेश रद्द करतं आणि अमुक आठवड्यांत नव्यानं विचार करा म्हणून सरकारकडं परत पाठवतं. थेट सोडा, असा हुकूम क्वचित होतो. म्हणून याचिकेतच मुदत मागायची, आणि फेरविचारात जुन्याच अहवालावर नवा शिक्का बसू नये म्हणून नवा अहवाल मागवा, कोर्टाकडून नवं मत घ्या, असं स्पष्ट मागून घ्यायचं. एवढं मागितलं नाही तर सहा महिन्यांनी तेच वाक्य नव्या तारखेनिशी हातात पडतं. माझ्या एका पक्षकाराचं तीन वेळा असं झालं. तिसऱ्या खेपेला हायकोर्टाचा सूर बदलला आणि तो सुटला, पण तोवर त्याची आई गेली होती.

राज्यपालांकडं कलम १६१ खाली अर्ज करता येतो का? येतो, आणि त्याला चौदा वर्षांची अटही नाही. पण राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानंच चालतात, म्हणजे फिरून फाईल त्याच गृह खात्यात. रिट सोडून हा मार्ग धरा असं मी सांगणार नाही.

खर्चाचं. तुरुंगातल्या माणसाला, त्याचं उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं फुकट वकील मिळतो. बेळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला अर्ज द्या किंवा १५१०० वर फोन करा. धारवाडला हायकोर्टाची स्वतंत्र समिती आहे. फुकटचा वकील लक्ष देत नाही असं लोक म्हणतात. काही देत नाहीत, काही फार मन लावून देतात. पैसे घेणाऱ्यांचंही तसंच. फरक पडतो तो तुमच्या फायलीनं. वर सांगितलेले कागद क्रमानं लावून नेलेत तर कोणताही वकील त्यावर काम करेल. जेलमध्ये वकालतनाम्यावर भावाची सही अधीक्षकांच्या शिक्क्यासह घ्यायला विसरू नका, त्यावाचून दाखल करतानाच अडतं.

आणि एक, शिक्षेसोबत दंड होता का? तो भरलाय का? न भरल्यास त्याबदल्यातली कैद वेगळी भोगावी लागते. सुटकेचा आदेश हातात असूनही काही हजारांच्या दंडापायी फाटकाच्या आत थांबलेला माणूस मी पाहिलाय. या आठवड्यात हिंडलग्याला जाल तेव्हा पावती शोधायला सांगा.